आभाळातल्या जत्रेला जाताना

गेल्या सुट्टीत आपला एक माजी छात्र मला भेटायला आला होता. सध्या तो अमेरिकेत शिकतो. शाळेत असताना उंच उडीच्या खड्ड्याजवळून ज्याला हाताला धरून आणावे लागे, त्याच मुलाने आता खिशातून एक नोंदवही काढून माझ्यापुढे ठेवली. तीत ३४ उड्यांच्या नोंदी होत्या, सगळ्या विमानातून मारलेल्या. ‘अ’ दर्जाचा परवाना मिळाला होता. त्याचा प्रश्न एकच होता. ‘‘सर, वर्षअखेरीला तिकडे दहा दिवसांचा मोठा मेळावा आहे. शेकडो लोक येतात. जाऊ का?’’

त्याची आईही बरोबर होती. तंजावरला साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्या मराठी घराण्यांपैकी एकातली ही माउली. घरात अजून मराठी बोलतात, आणि त्या मराठीत आपल्याला ऐकू येणार नाहीत असे जुने शब्द येतात. त्या म्हणाल्या, की छत्री उघडली नाही तर काय, या एकाच विचाराने त्यांना झोप येत नाही.

मी दोघांनाही तेव्हा थोडे थोडे सांगितले. पण विषय मोठा आहे, आणि आपल्या छात्रांपैकी काहीजण एनसीसीतून आग्र्याच्या पॅरा कोर्सची स्वप्ने पाहतात, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. छत्री उघडली नाही तर काय, ही आईची भीती रास्त आहे, पण मेळाव्याला जाणाऱ्या नवख्याने मुख्यतः जिची काळजी करायची ती गोष्ट ही नव्हे. छत्री उत्तम उघडते. तिच्याखाली बसून तो खाली येत असतो, आणि त्याच आभाळात आणखी वीस माणसे असतात. अडचण तिथे सुरू होते.

या मेळाव्यांना स्कायडायव्हिंगच्या जगात ‘बूगी’ म्हणतात. मी त्याला जत्रा म्हणतो. एरवी वर्षभर एखाद्या छोट्या धावपट्टीवर एक विमान आणि पाचपन्नास नेहमीची माणसे असतात. जत्रेच्या दिवसांत तिथे पाच-सहा विमाने येतात, देशोदेशींचे लोक येतात, तंबू पडतात. सकाळी पहिल्या उजेडापासून सूर्य मावळेपर्यंत विमाने वर जातात आणि रिकामी खाली येतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सी गावी १९९० च्या दशकात दर वर्षी अशी जत्रा भरे आणि हजारो उड्डाणप्रेमी जमत. थायलंडमध्ये उदोन थानी येथे ८ फेब्रुवारी २००६ रोजी ४०० जणांनी हवेत एकमेकांना धरून एकच फुलासारखी रचना केली. ती पाच सेकंदसुद्धा टिकली नाही, पण विक्रम झाला. तो मात्र निवडक, वर्षानुवर्षे सराव केलेल्या लोकांचा उद्योग होता. जत्रेत तसे नसते. तिथे दहा हजार उड्यांचा उस्ताद आणि ३४ उड्यांचा आपला छात्र एकाच विमानात शेजारी बसतात.

आपल्याकडेही मध्य प्रदेश पर्यटन विभागाने उज्जैनजवळच्या दताना हवाई पट्टीवर स्कायडायव्हिंगचा महोत्सव भरवला आहे. पण तिथे जाणारे बहुतेक हौशी लोक टँडम उडी मारतात, म्हणजे प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन. त्यात आपण प्रवासी असतो. फोटो छान येतात. माझा विषय तो नव्हे. स्वतःची छत्री स्वतः उघडून स्वतः उतरणाऱ्याबद्दल मी लिहितो आहे.

उंचीचा अंदाज यावा म्हणून आपल्या गावचेच माप घेऊ. बृहदीश्वराच्या मंदिराचे शिखर, ज्याला इकडे विमानच म्हणतात, जमिनीपासून सुमारे २१६ फूट उंच आहे. सरफोजी राजांनी भोसल्यांचा इतिहास ज्या मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला, तेच हे मंदिर. आपण सहलीला जातो तेव्हा मान मागे टाकून ते शिखर पाहतो. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये सैनिक सुमारे १२५० फुटांवरून उडी मारतो, म्हणजे अशी जेमतेम सहा शिखरे एकावर एक. महेंद्रसिंग धोनीने २०१५ साली तिथे ज्या पाच उड्या पूर्ण करून पंख मिळवले, त्या याच प्रकारच्या. जत्रेतले विमान १३००० फुटांवर सोडते, म्हणजे साठ शिखरे. तिथून पोट जमिनीकडे करून पडणारा माणूस दहाबारा सेकंदांत ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. त्या वेगाने एक शिखर सव्वा सेकंदात मागे पडते. छत्री उघडायला साधारण मिनिटभर वेळ मिळतो.

आता सैन्यातल्या सामूहिक उडीकडे पाहू, कारण आपल्या वाचकांना ती जास्त जवळची आहे. आणि खरे सांगायचे तर माझा स्वतःचा घोटाळा तिच्यामुळेच झाला.

११ डिसेंबर १९७१ रोजी दुसऱ्या पॅरा पलटणीचे सुमारे ७०० जवान तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उतरले. ही पलटण म्हणजे पूर्वीची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू कमांडिंग अधिकारी होते. त्यांना पुढे महावीर चक्र मिळाले. लोहजंग नदीवरचा पुंगलीचा पूल ताब्यात घ्यायचा आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडवायची, ही कामगिरी होती. पाचच दिवसांनी, १६ डिसेंबरला, हीच पलटण ढाक्यात सर्वांत आधी शिरली.

सातशे माणसे एका संध्याकाळी एका मैदानावर. यातल्या प्रत्येकाला हवेत किती निर्णय घ्यायचे होते? जवळजवळ एकही नाही. विमानात उभे राहा, हूक अडकवा, पुढच्याच्या पाठीला चिकटून दाराकडे सरका, हिरवा दिवा लागला की बाहेर. छत्री उघडते ती विमानाला बांधलेल्या पट्ट्याने, स्वतःच्या हाताने नव्हे. छत्री गोल असते, तिला स्वतःचा पुढे जाण्याचा वेग नसल्यासारखाच. वारा नेईल तिकडे सगळे सारखेच वाहतात. दोन माणसांत अंतर किती, कोणती विमाने कोणत्या उंचीवर, कोण कोणामागून, हे सगळे आधी जमिनीवर कोणीतरी ठरवलेले असते. जवानाचे काम पाय जुळवून ठेवणे आणि लोळण घेणे. धैर्य लागते, आणि फार लागते. खाली गोळीबार असू शकतो, याची जाणीव घेऊन दारातून बाहेर पडणे ही माझ्या लेखी जगातली कोणतीही क्रीडा-उडी देणार नाही अशी गोष्ट आहे. पण वाहतुकीचा निर्णय त्याच्याकडे नसतो.

खेळातली छत्री वेगळी. डोमिना जालबर्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १९६० च्या दशकात दोन थरांच्या कापडाची, मधल्या कप्प्यांत हवा भरून फुगणारी छत्री काढली. फुगली की तिला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. ती नुसती खाली येत नाही, पुढे उडते. नवख्याची मोठी, शांत छत्रीसुद्धा ताशी तीसेक किलोमीटरने पुढे जाते. हातातल्या दोन दोऱ्या ओढून डावीउजवीकडे वळवता येते, उतरताना दोन्ही एकदम ओढून जिना उतरल्यासारखे अलगद पाय टेकता येतात. म्हणजे गोल छत्रीखाली आपण प्रवासी होतो, इथे चालक झालो. आणि विमानातून बाहेर पडलेला प्रत्येकजण चालक. रस्ता नाही, सिग्नल नाही, हॉर्न नाही, ब्रेक मारून थांबण्याची सोयही नाही. वीस जण एका मैदानाकडे, तीन-चार मिनिटांत.

आता माझी हकिकत. छातीवर पंख लावून मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या खात्यावर गोल छत्रीच्या ६३ उड्या होत्या. धाकट्या भावाकडे परदेशी गेलो असताना हौस म्हणून मुक्त पतन शिकलो, परवाना काढला आणि तिसाव्या उडीच्या सुमारास एका जत्रेला गेलो. जागेचे नाव लिहीत नाही, त्यांचा काही दोष नव्हता. नोंदणीच्या टेबलावर मुलीने विचारले, एकूण उड्या किती? मी छाती पुढे काढून ९३ सांगितल्या. तिने पुन्हा विचारले, अशा छत्रीच्या किती? तेव्हा ३० म्हणालो. तिने ३० लिहिले. मला राग आला होता, हे कबूल करतो.

सकाळच्या सूचनांच्या वेळी सांगितले होते, की वारा हलका आणि फिरता असेल तर त्या विमानातला पहिला माणूस ज्या दिशेने उतरेल, त्याच दिशेने बाकी सगळ्यांनी उतरायचे. मी ऐकले, मान हलवली. तिसऱ्या उडीला छत्री छान उघडली. मी मोठ्या छत्रीवाला, म्हणून हळूहळू, बऱ्याच मागे राहून खाली येत होतो. तीनशे फुटांवर आलो आणि पाहिले तर वाऱ्याची पिशवी फिरलेली. आता सगळ्यांच्या मागे लागून उतरलो तर वारा पाठीत येणार. वाऱ्याकडे तोंड करून उतरायचे, हे शिकताना शंभर वेळा ऐकलेले. मी अर्धे वळण घेतले आणि वाऱ्याकडे तोंड केले. म्हणजेच माझ्यामागून येणाऱ्या सगळ्यांकडे तोंड केले.

समोरून एक बाई येत होत्या. दोघांचा मिळून वेग ताशी साठच्या वर. आमच्यात किती अंतर होते ते मला आज सांगता येणार नाही, पण त्यांच्या चष्म्याची काच दिसली हे आठवते. समोरासमोर आल्यावर दोघांनी उजवीकडे वळायचे, हा नियम. आम्ही दोघेही वळलो. दीडशे फुटांवर जोराने वळले की छत्री डोक्यावर राहत नाही, बाजूला जाते आणि माणूस झोक्यासारखा जमिनीकडे फेकला जातो. मी घोट्यावर आपटलो. त्या कुंपणापलीकडच्या शेतात उतरल्या, सुदैवाने धडपणे. नंतर चालत माझ्याकडे आल्या. मी माफी मागू लागलो, तर त्यांनी एवढेच विचारले, की सकाळच्या सूचनांना मी हजर होतो का. हजर होतो. त्याहून वाईट उत्तर नव्हते.

वाऱ्याच्या बाबतीत मी बरोबर होतो. हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण शाळेत हुशार असलेली मुले इथेच फसतात. ताशी पाच-सात किलोमीटरचा वारा पाठीमागून आला असता तर काय झाले असते? चार पावले जास्त पळावे लागले असते, नाहीतर बसकण मारून चड्डी मळली असती. वाऱ्याचे मी पाहिले आणि माणसांचे पाहिले नाही. जत्रेच्या आभाळात नवख्याकडून कोणी कौशल्याची अपेक्षा करत नाही. तो पुढच्या क्षणी काय करील हे इतरांना ओळखता आले पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. परेडवर ज्याचे पाऊल थोडे कच्चे आहे त्याला आपण सांभाळून घेतो. पण जो मनानेच ‘दाहिने मुड’ करतो, तो आख्खी रांग पाडतो.

म्हणून मी त्या छात्राला पहिल्या दिवशी उडीच मारू नकोस म्हणालो. त्याचा चेहरा पडला. पण खरोखर पहिला अर्धा दिवस जमिनीवर काढावा. विमानातून दिसणारे मैदान आणि नकाशातले मैदान यांत फरक असतो. उतरण्याच्या जागेवरून चालून यावे. तारा कुठे, कुंपण कुठे, धावपट्टी कुठे, वेगाने उतरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला पट्टा कोणता. हा पट्टा विशेष लक्षात ठेवावा. काही अनुभवी लोक लहान छत्र्या घेऊन जमिनीलगत तिरपी झेप घेत उतरतात. पाहायला ससाण्यासारखे सुंदर दिसते. त्यांच्या वाटेत मोठी छत्री घेऊन शिरणारा नवखा म्हणजे द्रुतगती मार्गावरची बैलगाडी. मग एखादे विमान उतरताना पाहावे, वीस जण कसे वळतात, कोण कोणामागे लागतो, हे खालून बघितले की निम्मी भीती जाते आणि उरलेली निम्मी योग्य ठिकाणी बसते.

उतरण्याची वाट सगळीकडे साधारण सारखी असते. हजार फुटांवर, म्हणजे आपली पाच शिखरे असताना, वाऱ्याबरोबर मैदानाच्या कडेकडेने जायचे. सहाशेच्या सुमाराला काटकोनात वळायचे. तीनशेला पुन्हा काटकोनात वळून उतरण्याच्या दिशेला लागायचे आणि मग नाकासमोर. चौकोनाच्या तीन बाजू. शेवटच्या बाजूवर नागमोडी वळणे घेऊन उंची मारायची नाही, कारण मागच्याला आपण कुठे जाणार ते कळत नाही. जो खाली आहे त्याचा हक्क पहिला. मैदानावर गर्दी वाटली तर मुख्य जागेचा हट्ट सोडून लांबच्या मोकळ्या शेतात उतरावे आणि चालत यावे. पाव तास चालावे लागते, पाणी जवळ ठेवावे. माझ्या मते नवख्याने जत्रेत पहिले दोन दिवस मुद्दामच लांब उतरावे. कोणी हसत नाही, आणि हसले तर हसू द्यावे.

विमानातून बाहेर पडण्याच्या क्रमाबद्दल छात्र नेहमी विचारतात. आपल्याकडे स्टिक ठरलेली असते, तिथेही असते, पण कारण निराळे. पोटावर पडणारे हळू पडतात, हवेत जास्त वेळ राहतात, म्हणून वारा त्यांना जास्त दूर नेतो. डोके खाली किंवा उभ्याने पडणारे वेगाने पडतात, त्यांचा प्रवास पंधरावीस सेकंदांनी कमी होतो. विमान वाऱ्याच्या विरुद्ध जात असते. अशा वेळी आधी वेगवान लोक सोडले आणि मागून संथ लोक, तर संथ लोक वाहत वाहत आधीच्यांच्या डोक्यावर येतात. म्हणून पोटावर पडणारे आधी, त्यांतही मोठा गट आधी आणि लहान मागून, मग वेगवान, शेवटी उंचावर छत्री उघडणारे आणि टँडमवाले. आपण कोणत्या प्रकारात येतो ते विमानात बसण्याआधी सांगावे. दारात पोहोचल्यावर चर्चा करणाऱ्याइतका नकोसा माणूस दुसरा नाही.

दोन गटांत किती सेकंद सोडायचे, हे मात्र पाठ करून चालत नाही, मोजावे लागते. हजार फूट, म्हणजे तीनशे मीटर अंतर ठेवायचे आहे असे धरा. विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी १५० किलोमीटर असेल तर तेवढे अंतर कापायला त्याला सात सेकंद लागतात. वर समोरून जोराचा वारा आहे आणि तो वेग ७५ वर आला, तर चौदा सेकंद. मागचे लोक ‘चल चल’ म्हणून ओरडतात. नवखा लाजेने लवकर उडी मारतो. आधी विमानाचा वेग विचारून घेतला आणि मनात आकडे म्हणायला लागला, की लाज वाटायला वेळ राहत नाही. गणिताच्या सरांना हा भाग दाखवायला हरकत नाही, वेग-काळ-अंतराचे इतके निकडीचे उदाहरण पाठ्यपुस्तकात नसेल.

हवेत किती जणांबरोबर उडी मारावी? जत्रेत अनुभवी संयोजक असतात, ते सकाळी कौशल्यानुसार गट पाडतात. अशा संयोजकाकडे जाऊन आपला खरा आकडा सांगावा आणि दोघा-तिघांच्या गटात जावे. संध्याकाळी कोणीतरी येऊन म्हणेल, बाराजणांची रचना करतोय, एक जागा रिकामी आहे, ये की. या निमंत्रणासारखे गोड काही नसते. नाही म्हणावे. बाराजण एकत्र आले की चार-पाच हजार फुटांवर बाराजणांनी बारा दिशांना पांगायचे असते, आणि जो पुरेसा लांब जात नाही त्याच्या डोक्यावर दुसऱ्याची छत्री उघडते. पांगणे हे जमण्यापेक्षा अवघड आहे. ते ३४ उड्यांत येत नाही, मला ३० मध्ये येत नव्हते. छत्री उघडण्याआधी हात हलवून वरच्याला इशारा द्यायचा, खाली-वर-बाजूला पाहायचे. आणि ‘अ’ परवान्याच्या माणसाने अमेरिकन संघटनेच्या नियमाप्रमाणे तीन हजार फुटांच्या वरच उघडायची. उघडल्यावर ती नीट नाही असे वाटले, तर २५०० फुटांपर्यंत निर्णय घेऊन राखीव छत्री काढायची. विचार करत बसायला पुढे फारसे काही शिल्लक राहत नाही.

बाकीची प्रलोभने थोडक्यात सांगतो. हेल्मेटवर कॅमेरा: त्यांची शिफारस दोनशे उड्यांनंतरची आहे, आणि ती योग्य आहे, कारण कॅमेरावाल्याचे लक्ष चित्रात असते. दोनशे उड्यांच्या आत पंखांचा पोशाख तर त्यांच्या नियमातच बसत नाही. कोणी नवी, लहान छत्री चालवून बघ म्हणून देतो. गर्दीत नव्या छत्रीशी ओळख करून घेऊ नये. हेलिकॉप्टर, फुगा, जेट असली आगळी वाहने जत्रेत येतात आणि खिसा रिकामा करतात. फुग्यातून उडी मारली की पहिली काही सेकंद अंगाखाली वारा नसतो, हातपाय मारून काही होत नाही, हे माहीत नसेल तर माणूस गडबडतो. माहीत करून घेऊन एखादी मारावी, मी मारली आहे. आणि थकवा. दिवसाला तीन-चार उड्या पुष्कळ झाल्या. पाचवीला माणूस पट्टे तपासायला विसरतो.

छात्रांशी बोलताना दर वेळी कोणीतरी शीतल महाजनांचे नाव काढतो. पुण्याच्या या मुलीने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर उडी मारली आणि ती तिच्या आयुष्यातली पहिली उडी होती. मग आम्ही ३४ उड्यांनंतर कशाला घाबरायचे? प्रश्न चांगला आहे. शीतलताईंनी २४०० फुटांवरून, हाडे गोठवणाऱ्या थंडीत उडी मारली. धैर्याबद्दल बोलायलाच नको. पण ध्रुवावरचे आभाळ मोकळे होते. तिथे थंडीशी सामना होता, गर्दीशी नव्हता. आणि त्या तिथे थांबल्या नाहीत हेही पाहा. मुक्त पतन शिकून २००६ च्या डिसेंबरात त्या अंटार्क्टिकावर उतरल्या, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. नऊवारीत उडी मारायची तर कापड कुठे फडफडेल, हँडलवर येईल का, याचा किती विचार केला असेल, हे ज्याने साधा सैल शर्ट घालून उडी मारून पाहिली आहे त्याला विचारा.

आता पालकांसाठी. त्या माउलींच्या प्रश्नाचे उत्तर मी असे दिले. पाठीवर एक नव्हे, दोन छत्र्या असतात. राखीव छत्री परवानाधारक कारागीरच घडी घालतो, आणि अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा घडी घालावी लागते. त्याची तारीख कार्डावर असते, मुलाला ते कार्ड दाखवायला सांगा. शिवाय एक छोटे यंत्र असते. सायप्रेस नावाचे पहिले विश्वासार्ह यंत्र १९९१ साली जर्मनीत निघाले. माणूस बेशुद्ध पडला किंवा उंचीचे भान हरपले, आणि साधारण ७५० फुटांपर्यंत तो वेगाने पडतच राहिला, तर ते राखीव छत्री आपोआप सोडते. त्या वेगाने ७५० फूट म्हणजे चार-साडेचार सेकंद, म्हणजे ते अगदी शेवटचे दार आहे, पण आहे. मात्र हे यंत्र उघडलेल्या छत्रीखाली झालेल्या चुकीवर काही करू शकत नाही. अलीकडच्या दशकांत या खेळातले पुष्कळ प्राणघातक अपघात अगदी नीट उघडलेल्या छत्रीखाली झाले आहेत: जमिनीजवळचे वळण, नाहीतर दुसऱ्या छत्रीशी टक्कर. म्हणून ताई, मुलाला ‘छत्री तपासलीस का’ एवढेच विचारू नका. ‘आज कोणत्या दिशेने उतरलास, आणि का’ असे विचारा. त्याला सविस्तर सांगता आले तर तुम्ही निवांत झोपा. ‘आज वारा होता म्हणून बसून राहिलो’ असे सांगितले तर आणखी निवांत झोपा.

दोन कोरड्या गोष्टी. परवाना मिळाल्यावर ६० दिवस उडी मारली नसेल, तर जत्रेला जाण्याआधी आपल्या नेहमीच्या मैदानावर प्रशिक्षकाबरोबर एक उडी मारावी. जत्रेच्या गडबडीत गंज काढायला जाऊ नये. आणि वैद्यकीय विमा. विद्यार्थ्यांच्या पुष्कळ विम्यांतून हवाई खेळ वगळलेले असतात. बारीक अक्षरातले कलम वाचावे. माझा घोटा तिकडच्या दवाखान्यात बांधला गेला तेव्हा बिल पाहून भावाचा चेहरा कसा झाला, ते अजून आठवते.

तो छात्र जाणार आहे. पहिले दोन दिवस लांबच्या मैदानात उतरणार, दोघा-तिघांच्या गटातच जाणार आणि रोज संध्याकाळी आईला फोन करणार, एवढे त्याने कबूल केले आहे. परत आला की त्याला शाळेत बोलवू, नोंदवही घेऊनच.

एनसीसीच्या ज्या छात्रांना पॅरा कोर्सच्या निवडीसाठी नाव द्यायचे आहे, त्यांनी शनिवारी खेळानंतर वाळूच्या खड्ड्याजवळ यावे. पाय जुळवून लोळण घेण्याचा सराव तीन फुटांच्या ओट्यावरून सुरू करू. लांब बाह्यांचा शर्ट आणि घोटे झाकणारे बूट घालून या, आणि घड्याळे खोलीत ठेवून या.